खंडेनवमीचा फोकस

स्वतःचा मूर्खपणा चारचौघांत सांगायलाही हिंमत लागते, आणि ती मला कधी कमी पडली नाही. चहा घ्या, सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत ज्याच्या त्याच्या खिशात छोटे कॅमेरे आले होते. माझं मात्र तिपाईवरचं लाकडी, भात्याचं धूडच चालू होतं. मला कुणी शिकवलं नाही. फिल्मा नासवून नासवून शिकले. काळ्या फडक्यात डोकं घालायचं, मागच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, ती लख्ख होईस्तोवर भाता पुढंमागं करायचा. या बाबतीत सातारा-सांगलीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझंच मत होतं.

खंडेनवमीला लोक हत्यारं पूजतात, मी कॅमेरा. मागची काच काढून धुतली, कुंकू लावायला गेले तर गुळगुळीत बाजूवर ठरेना. मग काय, काच फिरवून बसवली, खरखरीत बाजू माझ्याकडे. कुंकू कसं झकास बसलं!

दुपारी कुपवाडला गेले. तिथल्या कारखान्यातले बापू फोरमन निवृत्त होत होते. त्यांचा मोठा फोटो शेडमध्ये कायमचा लागणार होता. पुढं खुर्चीत बापू, मागं झेंडूच्या माळा घातलेलं त्यांचं लेथ मशीन. बापूंवर फोकस केला, हलायचं नाही म्हणून दम भरला, फोटो घेतला.

फिल्म धुऊन बघते तर झेंडूची पाकळी न् पाकळी मोजून घ्या, आणि बापू म्हणजे नुसतं धुकं! तशीच तरातरा कुपवाडला गेले भांडायला.

"बापू, तुम्ही हाललात."

"न्हाई वो आजी. तुमच्या भ्यानं श्वासबी घेतला न्हाई."

"मग मशीन बरं नीट आलं?"

"त्याला तुमी वरडला न्हाई."

घरी येऊन काचेवरून बोट फिरवलं, तेव्हा उलगडा झाला. चित्र उमटतं ती खरखरीत बाजू आत, भात्याकडे हवी. मी उलटी बसवल्यानं फोकस काचेच्या जाडीएवढा चुकला आणि बापूंना ओलांडून मशीनवर जाऊन बसला. कुंकवापायी!

काच सरळ केली, परत गेले, चूक कबूल केली आणि फोटो पुन्हा काढला. या खेपेला सुरकुत्या, पडका दात, कानातले केस, सगळे हजर. बापू दोन्ही फोटो बराच वेळ न्याहाळत राहिले. मग धुक्यातला उचलून म्हणाले, "ह्योच लावा. ह्यात मी लय तरणा दिसतोय."

तोच लागला. दिवाळीत तो बघून कुपवाडच्या बाया माझ्या दारात. त्यांतली पुढची म्हणाली,

"आजी, तुमचा हात लय चांगला हाय म्हनं. आमचा फोटू जरा वाईट काढा."