जुईच्या कोड्यातली दुसरी वाट

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, माहेरी मिरजेला फोनवर नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का, ते मला तरी कुठे नीट कळतंय?

मी सातवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन रायपूरला आले. गुढियारीत खोली, नवरा कारखान्यात. या परक्या गावात मला हाताशी धरलं ते बूढापारा मोहल्ल्यातल्या काकूंनी. स्वयंपाकाला ठेवलं, पण तेवढंच म्हटलं तर खोटं होईल. मराठी मंडळाच्या मासिक अंकात त्या रुळांचं कोडं द्यायच्या. चौकोनांची जाळी, कडेला आकडे — या ओळीत इतक्या घरांतून रूळ जातो, त्या उभ्या रांगेत तितक्या. एका स्टेशनातून निघून दुसऱ्यात पोचायचं, रूळ कुठे तुटायचा नाही, स्वतःला कापायचा नाही. पोळ्या झाल्या की काकू मला शेजारी बसवून शिकवायच्या. मला ते जमलं. आमच्या खोलीमागे सारख्या मालगाड्या जोडतात-तोडतात, ते बघून असेल — कुणास ठाऊक.

पुढे काकूंना बारीक आकडे दिसेनासे झाले आणि कोड्याचं पान माझ्याकडे आलं. कोड्याखाली माझं नाव. त्याआधी छापलेलं माझं नाव मी फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. तुम्हाला हसू येईल, पण तो अंक मी गादीखाली ठेवून झोपायची.

आमच्यात एक रीत होती. कोड्याला उत्तर एकच हवं. दोन वाटा निघाल्या तर कोडं बाद. म्हणून एकीनं बनवायचं, दुसरीनं तपासायचं. आणि तपासणारीनं फक्त सांगायचं, "दोन वाटा निघतात." कुठे, ते दाखवायचं नाही. बनवणारीनं स्वतः शोधायचं. "दाखवून देलं त शिकन कशी?" काकू म्हणायच्या.

माझी कोडी जुई तपासायची. काकूंची पुतणी, वरच्या मजल्यावर राहणारी, कॉलेजात जाणारी. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. एकदा तिनं माझ्या कोड्यात दोन वाटा काढल्या. मी शोधल्या — खरंच होत्या. ती खोटं बोलली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते.

मग एक दिवस जुईनं स्वतः कोडं बनवलं. पहिलंच. मी ओट्याशी उभी राहून सोडवलं. रूळ शेवटच्या स्टेशनाला जवळजवळ खेटून जात होता — आता पोचलाच, असं वाटेपर्यंत मागे वळत होता आणि सगळी जाळी हिंडून परत येत होता. मी खोडलं, पुन्हा सोडवलं. उलट्या टोकाकडून सोडवलं. वाट एकच. मला असं कधी सुचलं नसतं. आणि मनात आलं — तिला कॉलेज होतं, घर होतं, तिची माणसं होती. माझं एवढं एक पान होतं, तेही तिला हवं?

जुईनं आकडे वाचून दाखवले, त्यावरून काकूंनी मनातल्या मनात रूळ जुळवला असणार. बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "हे पोट्टी त लय डोक्याची निघाली वं, सुनंदा. आता पान हिलेच देऊन टाकू." हसत म्हणाल्या. मला हसणं ऐकूच आलं नाही.

"दीदी, सही है ना?" जुईनं विचारलं.

"दोन वाटा निघतात," मी म्हटलं.

तिनं वाद घातला नाही. शोधत बसली. जेवतानाही ताटाशेजारी तो कागद. खोडून खोडून कागद विरला, तिनं दुसऱ्यावर उतरवून घेतलं. काकूंनाच दया आली. "सांगून दे ना वं एकदाचं," म्हणाल्या. त्यांनी स्वतःची रीत मोडायची तयारी दाखवली — आणि मी काय केलं? "काकू, नियम तुमचाच आहे ना," म्हटलं. पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं मी मनाला समजावत आले आहे. हे दुसरं निसटलेलं नव्हतं.

अंक माझ्या कोड्यानं निघाला. जुईनं परत कोडं बनवलं नाही. उलट सगळ्यांना सांगत फिरली, दीदीनं वाचवलं, छापलं असतं तर हसू झालं असतं. माझे आभार मानले. मी ते घेतले.

आता ती पुण्याला नोकरी करते. परवा आली होती. मी पोळ्या लाटत होते, ती हातात ताट घेऊन ओट्याला टेकून उभी. म्हणाली, "दीदी, वो दूसरा रास्ता मुझे आज तक नहीं मिला. ट्रेन में बैठती हूँ तो अब भी ढूँढती हूँ."

मी म्हटलं, "अवघड होती ती." आणि तिच्या ताटात गरम पोळी टाकली.

दुसरी वाट नव्हतीच. तिचं कोडं बरोबर होतं. पान अजून माझ्या नावानं निघतं.