वितीनं मोजलेल्या पायऱ्या

चंदीगडला माझी नोकरी पक्की झाल्याची तार आली तेव्हा साताऱ्यात आमच्या घरी कुणी पेढे वाटले नाहीत. पंजाबातल्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. बसमधून माणसं उतरवून मारली, बाजारात स्फोट झाला, अमुक गावात संचारबंदी लागली. आई म्हणाली, "पोरी, चित्रं काढायला शिकवायची तर सगळा देश सोडून तिथंच का गं?" पुण्या-मुंबईत कुठंच मला कायमची जागा मिळत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. मी गेले.

आर्किटेक्चरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना 'बेसिक डिझाइन' शिकवायचं होतं. घर बांधायला शिकण्याआधी बघायला शिकायचं, असा तो विषय. ठिपका म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, एखादा आकार तोललेला का वाटतो आणि दुसरा आत्ता पडेल असं का वाटतं. पहिल्या आठवड्यात मी मुलांना पांढऱ्या कागदावर काळे चौकोन चिकटवायला लावले. चौकोन तेवढेच ठेवायचे, फक्त जागा बदलायच्या. एकदा ते गर्दीसारखे दिसले पाहिजेत आणि एकदा एकाकी. दुसरा प्रकार सगळ्यांना लवकर जमला. सगळी घरापासून लांब आलेली, हॉस्टेलवर राहणारी मुलं होती.

मी एका सेक्टरमध्ये घराच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती. चंदीगड हे आमच्या विषयाचं पाठ्यपुस्तकच होतं म्हणा ना. सरळ रस्ते, मापात आखलेले सेक्टर, उन्हाचा विचार करून ठेवलेल्या खिडक्या, विधानसभा-सचिवालयाच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सचं ते अवाढव्य काँक्रीट. पहिल्या महिन्यात मी वेड्यासारखी हिंडले आणि बघत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं, की या शहरात कुणाची कुणाशी चुकूनसुद्धा गाठ पडत नाही. साताऱ्यात भाजी आणायला निघालं तर वाटेत चार जण थांबवतात. इथं रस्ते एवढे रुंद, की पलीकडून ओळखीचा माणूस गेला तरी कळू नये. त्यात काळ तसला. दिवस कलला की दुकानांची शटर खाली यायची, पोत्यांच्या आडोशाला जवान उभे राहायचे आणि एवढ्या देखण्या रस्त्यांवर चिटपाखरू नसायचं.

मराठी बोलायला मला एकच घर होतं. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको, मूळची नागपूरची. रविवारी मी तिच्याकडे जायची. तिची मुलं मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. पहिल्याच दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. जाताना तिनं मला गोडा मसाल्याचा अख्खा डबा दिला आणि रडली. त्यानंतर मी खोलीत स्वतःशीच मराठी बोलायला लागले. "आता दूध तापवायचं," असं मोठ्यानं म्हणायचं आणि दूध तापवायचं.

खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना मी आंटीजी म्हणायची. त्या सरदारणी होत्या, विधवा, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा कॅनडात. संचारबंदी लागली की त्या जिन्यातून हाक मारायच्या, "बेटा, नीचे आ जा, अकेली क्या खाएगी!" थंडीत आम्ही अंगणात उन्हाला बसून मटार सोलायचो. एकदा मी त्यांना वर्गाबद्दल सांगत होते, तर त्या उठून आत गेल्या आणि चिलाचं, म्हणजे पाइनच्या झाडाचं, एक वाळकं फळ घेऊन आल्या. म्हणाल्या, याचे खवले मोज. ते एका बाजूनं गोल चढत जाणाऱ्या आठ रांगांत होते आणि उलट्या बाजूनं मोजले तर तेरा रांगांत. "झाडाला कुणी पट्टी दिली नव्हती," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त एवढंच माहीत असतं, की पुढचा खवला आधीच्याला दाटीवाटी न करता कुठं बसेल." दुसऱ्या दिवशी मी ते फळ वर्गात नेलं.

त्याच आठवड्यात मी स्टुडिओच्या फरशीवर ठिपक्यांची रांगोळी घातली. भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद माझ्याबरोबर साताऱ्याहून आला होता. ठिपके पडले, मी रेघा जोडायला घेतल्या आणि मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मॅडम, ये तो हमारी फुलकारी है।"

तो मुलगा अमृतसरच्या पुढच्या एका खेड्यातून आला होता. उंच, अंगानं बारीक, निळी पगडी बांधणारा, वर्गात क्वचित तोंड उघडणारा. सगळ्या वर्गात त्याच्याइतकी स्थिर रेघ कुणाची नव्हती. घरून येताना आईनं त्याच्या ट्रंकेत एक फुलकारी, रेशमी धाग्यांनी भरलेली ओढणी, घातली होती. ती त्यानं आणून उलटी पसरली. फुलकारी पाठीमागून भरतात, हे मला तेव्हा कळलं. कापडाचे धागे मोजायचे, उलट्या बाजूनं टाके घालायचे आणि फूल पुढच्या बाजूला उमलतं. भरणारीला ते दिसतसुद्धा नाही. "मग चुकलं तर?" मी विचारलं. तो हसला. आईला तो बीजी म्हणायचा. "बीजी कहती हैं, गिनती सही हो तो फूल सही होगा।" माझे ठिपके आणि त्याच्या आईचे धागे, दोन्हींत मोजणीच होती. त्या दिवशी तास संपल्यावरही कुणी उठलं नाही. चंदीगडमधला तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

म्हणूनच मी मुलांना शहराजवळच्या पिंजौरला न्यायचं ठरवलं. तिथली जुनी बाग टप्प्याटप्प्यांनी खाली उतरते. एका टप्प्यावर उभं राहिलं की पुढचा दिसत नाही, फक्त पाण्याचा आवाज येतो. हे कसं साधलंय ते मुलांनी मोजून काढावं, असं मला वाटलं. आम्ही सकाळच्या बसनं गेलो. मुलांनी टेप लावले, पायऱ्यांची उंची घेतली, भिंतीची घेतली, सगळं कागदांवर उतरवलं, कागद गुंडाळून प्लास्टिकच्या लांब नळ्यांत भरले आणि नळ्या खांद्याला अडकवल्या.

परत येताना चंदीगडच्या अलीकडे नाका लागला. बस थांबली, सगळ्यांना खाली उतरवलं. एका जवानानं निळ्या पगडीतल्या त्या मुलाच्या खांद्यावरची नळी पाहिली आणि तो ओरडला. पुढं काय झालं ते इतक्या झटकन झालं, की मला तो जमिनीवर गुडघ्यांवर बसलेला, हात वर केलेला, एवढंच आठवतं. नळी उघडली. आतून कागद निघाले. भिंतीची उंची, दरवाजाची रुंदी, पायऱ्या, अंतरं.

"ये नक्शा किसलिए?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी पुढं झाले. म्हटलं, मी यांची शिक्षिका आहे, हा अभ्यास आहे, बाकीच्या मुलांकडेही हेच कागद आहेत, त्यांच्याही नळ्या उघडा. त्यांनी एक-दोन उघडल्या, बघून परत दिल्या. बाकीच्यांना बसमध्ये बसायला सांगितलं. त्याला नाही. मी म्हटलं, मग मीही थांबते. बस निघून गेली. मागच्या काचेतून मुलं आमच्याकडे बघत होती.

नाक्यावरच्या तंबूत आम्हाला बसवलं. कॉलेजात फोन लागेना. बऱ्याच वेळानं अधिकारी आला आणि मुलासमोर कागद ठेवून म्हणाला, "विद्यार्थी आहेस ना? मग काढून दाखव काहीतरी."

त्यानं पेन्सिल घेतली. हात इतका कापत होता, की कागदावर रेघ उठेना. जी उठली ती वेडीवाकडी. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, याला तर सरळ रेघ येत नाही."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "तो बंदुकीसमोर बसलाय. त्या जवानाला बाहेर उभं करा, मग बघा."

अधिकारी माणूस वाईट नव्हता; दमलेला होता, घाबरलेलाही असावा. त्यानं जवानाला बाहेर पाठवलं. मुलानं डोळे मिटले, उघडले आणि आठवणीतून त्या बागेच्या पायऱ्या काढल्या. पहिल्या दोन पायऱ्या थरथरत्या, मग रेघ हळूहळू सावरली. अधिकाऱ्यानं कागद उचलून पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "जाइए।" एका ट्रकवाल्याला थांबवून त्यानंच आम्हाला शहरात सोडायला सांगितलं. ट्रकमध्ये मुलानं नळी खांद्याला न अडकवता मांडीवर आडवी धरली होती.

तो थोडे दिवस वर्गात आला. मग यायचा थांबला. एका दुपारी त्याचे वडील मला भेटायला आले. शेतकरी माणूस, पांढरी दाढी, हातात पिशवी. म्हणाले, पोराला नांदेडला त्याच्या मामाकडे पाठवतोय, मामाचं ट्रकच्या सामानाचं दुकान आहे. इकडे तरणा मुलगा घरात ठेवायची भीती वाटते, पोलिसांचीही आणि त्या दुसऱ्या बंदूकवाल्यांचीही.

"आप उधर की हैं ना?" त्यांनी विचारलं. "वहाँ हमारे बच्चे ठीक रहते हैं?"

मी जन्मात नांदेड पाहिलं नव्हतं. साताऱ्याहून नांदेड म्हणजे दुसरं टोक. पण त्यांचे डोळे बघून म्हटलं, "ठीक रहते हैं, जी। गुरुद्वारा है वहाँ।" त्यांनी पिशवीतून गूळ काढून दिला आणि गेले.

त्या वर्षीचा हिवाळा मला फार जड गेला. दाट धुकं पडायचं, समोरचं घर दिसायचं नाही. वर्गात मी शिकवत होते, पण तोल आणि प्रमाण हे शब्द टाळायला लागले होते. आंटीजींना सगळं सांगितलं होतं. त्या माझ्या ताटात मोहरीच्या पाल्याचं साग वाढायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधी, मी स्टुडिओत एकटी कागद तपासत बसले होते. दारात कुणीतरी उभं राहिलं आणि म्हणालं, "मॅडम, कसं काय चाललंय? ओळखलं का?"

चक्क मराठी. तीही मराठवाड्याची. मी मान वर केली तर तीच निळी पगडी. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. कॉलेजनं त्याला परीक्षेला बसायची परवानगी दिली होती.

"अरे, मराठी कधी शिकलास?"

"शिकायलोय अजून. दुकानात सगळे मराठीच बोलतेत. तुमच्यासंगं बोलावं म्हणून लै घोकलं गाडीत."

मी त्याला बसवलं. त्याला कल्पना नव्हती, की कित्येक महिन्यांत माझ्याशी मराठीत बोललेला तो पहिलाच माणूस होता. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं. त्यानं वर्षाचं काम आणलं होतं. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या, पानामागून पान. रेघ पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. फक्त मापं विचित्र होती. फूट-इंचांऐवजी विती, पावलं आणि बोटं.

"टेप नव्हता का?"

"बाहेर टेप काढला की हात कापतोय, मॅडम. म्हणून वितीनं मोजलं." मग एकदम उत्साहानं पान उलटून दाखवायला लागला. जुन्या पायऱ्या वितीत अगदी बरोबर बसत होत्या. नव्या दुरुस्त केलेल्या पायऱ्या बसत नव्हत्या. "ज्यानं बांधल्या त्यानं पण हातानंच मोजल्या असतील, नाही का?"

मी माझा पंजा त्याच्या चित्रावर ठेवला. बोटं पसरली.

तो पास झाला आणि पुढचं शिक्षण त्यानं महाराष्ट्रातच पुरं केलं. मी आणखी काही वर्षं चंदीगडला राहिले, मग पुण्याला आले. आंटीजी कॅनडाला जायला कधीच तयार झाल्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी जाऊन आले. तो मुलगा आता नांदेडला लोकांची घरं बांधतो. बैसाखीला त्याचा फोन येतो. तो मराठीत बोलत असतो, मी जुन्या सवयीनं हिंदीत उत्तर देत असते आणि दोघांच्याही ते बराच वेळ लक्षात येत नाही. मागच्या वेळी मी विचारलं, आता साइटवर टेप वापरतोस का. "वापरतो की," तो म्हणाला. "पण धरायला दुसऱ्या कुणाला देतो."