पांढऱ्या साडीचे लंगोट

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. आई गेली, तिलाही शेवटपर्यंत खरं काय ते कळलं नाही. आज पहिल्यांदा कागदावर येते आहे. वाचणारी तू समोर बसली आहेस असं धरून लिहिते, पण तू खरोखर समोर असतीस तर मला बोलता आलं नसतं. माणूस समोर आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लहानपणापासून तसंच. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मागच्या रांगेत. गुरुजींनी नाव विचारलं तर शेजारची मुलगी सांगायची.

लोक म्हणतात, गरीब आहे बिचारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गप्प बसणारी बाई चांगलीच असते, असं लोकांना का वाटतं?

मी नांदेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन हैदराबादला आले. बरकतपुऱ्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही, खाली थोरले दीर आणि जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणायचे. मला या शहराची भाषा येत नव्हती, रस्ता ओलांडता येत नव्हता. अक्का माझा हात धरून हिमायतनगरच्या बाजारात न्यायच्या, आणि भाजीवाल्याशी तेलुगूत भांडता भांडता मध्येच मला मराठीत सांगायच्या, "छबू, तू नुसती डोळे मोठे करून उभी राहा, तेवढ्यानं बी भाव उतरतो." मी हसायचे. या शहरात मी पहिल्यांदा हसले ते त्यांच्यामुळं.

अक्कांचं एक लेकरू अडीच महिन्यांचं होऊन गेलं होतं, माझ्या लग्नाच्या आधी. पुढं त्यांना दिवस राहिले नाहीत. त्या यावर कधी बोलत नसत. मी विचारलंही नाही.

मला दिवस गेले तेव्हा दुकानांतून नवं नवं यायला लागलं होतं. गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, टीव्हीवर सारखी पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुलं पळत असायची. यांनी आबिड्सहून लेकरासाठी तयार डायपरचं एक पुडकं आणलं. अक्कांनी एक उलगडून दिव्याच्या उजेडात धरलं. "ही प्लास्टिकची चड्डी? लेकराला काय पार्सल करून पाठवायचंय का भावजी?" हे कानापर्यंत लाल झाले आणि पुडकं पलंगाखाली गेलं.

आमच्याकडं लेकराला पहिलं कापड नवं घालत नाहीत. नवं कापड टोचतं. वापरून, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं सुती लुगडं फाडायचं आणि त्याचे लंगोट, दुपटी करायची. आणि ते लुगडं लेकुरवाळीच्या घरचं असावं, असं जुन्या बाया म्हणतात. लेकरू गेलेल्या बाईचं कापड लेकराला लावू नये. पण आमचं घर असलं काही मानणारं नव्हतं. सासऱ्यांनीच देव्हारा उचलला होता, दर रविवारी घरात बुद्धवंदना व्हायची. आम्ही असलं मानत नाही — हे वाक्य मीही शिकले होते.

वंदनेला नेसायची अक्कांची एक पांढरी साडी होती. दहा-बारा वर्षं नेसून ती इतकी मऊ झाली होती की हातात घेतली तर वजन लागायचं नाही. मला सातवा महिना होता. अक्का ती साडी घेऊन वर आल्या, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "धर घट्ट." आणि फाडली. टर्रर्र आवाज झाला. मी म्हणाले, अक्का, वंदनेला काय नेसाल? तर म्हणाल्या, "हौ, लेकरू व्हायच्या आधीच मला हिशोब विचारायलीस."

हे लक्षात ठेव. दुसरं टोक मी धरलं होतं.

चोवीस लंगोट झाले. कडा अक्कांनी हातानं दुमडून शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला, लेकराच्या अंगाला लागू नये म्हणून. एका उशीला लंगोट बांधून त्यांनी मला शिकवलं — तिकोनी घडी, मधला पदर जाड, गाठ बेंबीच्या खाली, दोन बोटं आत जातील इतकी ढिली. मी उशी उचलली तर लंगोट गळून पडला. अक्का पोट धरून हसल्या. मग धुणं शिकवलं. घाण आधी साध्या पाण्यात काढायची. अंगाचा साबण किंवा रिठा, पावडर नक्को. तीन पाण्यांतून खळबळून काढायचं. कडक उन्हात वाळवायचं.

तीन पाणी. त्या वेळी आमच्याकडं नळ एक दिवसाआड यायचा, तोही तासभर. वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी.

मुलगी झाली. तिला आम्ही मैना म्हणू लागलो. आई गावाहून माझ्या बाळंतपणाला आली होती. स्वयंपाक, मालीश ती करायची. लंगोट मात्र मी महिन्याभरानंतर स्वतः धुवायला लागले. कुणी माझ्या लेकराची घाण काढावी याची मला लाज वाटायची — अक्का मागत होत्या, तरी दिले नाहीत. आणि टीव्हीवर दिसायची ती नवी पावडर मी मागवली होती. तिचा वास मला फार आवडायचा. पाणी वाचवायला एकाच बादलीत बुचकळून काढायचे आणि पिळायचे. लंगोट वाळले की पापडासारखे ताठ व्हायचे. मला वाटायचं, काय स्वच्छ निघालेत.

आठ दिवसांत मैनेच्या जांघा लालभडक झाल्या. मग साल निघायला लागली. लंगोट बांधला की ती अशी किंचाळायची की खालून अक्का धावत यायच्या.

मला कळत नव्हतं, असं म्हणू का? लाली दिसली त्या पहिल्या दिवशी नसेल कळलं. तिसऱ्या दिवशी धुताना माझ्याच बोटांची आग झाली. बोटं तोंडात घातली तर जिभेला पावडरची चव लागली. तेव्हाच कळलं.

त्याच दुपारी आईनं मैनेला मांडीवर उताणं घेतलं आणि मला विचारलं, "कशानं झालं गं हे? काय करतीस तू लेकराला?" आईचा आवाज चढला की मी आजही लहान होते. मला सांगता आलं असतं — आई, मी नीट खळबळलं नाही. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, लंगोट अक्कांनी शिवलेत. त्यांच्या साडीचे.

आईनं दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कोणत्या साडीचे? तिचं लेकरू गुंडाळलेल्या तर नव्हं?"

मी म्हणाले, असेल.

तो एक शब्द. कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता. टर्रर्र आवाज माझ्या कानात होता, टोक माझ्या मुठीत होतं, ती वंदनेची साडी होती हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. आणि मी म्हणाले, असेल.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की दगा मला आईनं दिला. कारण तिनं मैनेच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, कुणाला बोलणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या नळावर बोलली. बायांनी ऐकलं, त्यांनी आणखी दोघींना सांगितलं. शेजारच्या गल्लीत आमच्यातलीच एक पोटुशी होती, तिच्यासाठीही अक्कांनी लंगोट शिवले होते. तिच्या सासूनं ते घडी न मोडता परत पाठवले. मला आईचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही. जन्मदात्या आईनं शब्द मोडावा? माझा विश्वास असा नळावर सांडावा? — बघ, मी रडलेसुद्धा, पण स्वतःसाठी.

परत आलेले लंगोट हातात घेऊनच अक्का गच्चीवर आल्या. मी वाळत घालत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"छबू, तू व्हतीस की गं दुसरं टोक धरून. सांग ना त्यांना."

मी दोरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला काय माहीत अक्का. आई बोलली, मी नाही."

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी वर बघितलं नाही, पण नजर जाणवत होती. मग त्यांनी दोरीवरचा एक लंगोट काढला, दोन बोटांत चुरगाळला. पांढरी भुकटी उडाली. नाकाला लावला. मी वाट बघत होते — आता बोलतील, आता सगळ्या गल्लीला ओरडून सांगतील. त्यांनी चोवीसच्या चोवीस गोळा केले आणि खाली घेऊन गेल्या. त्यांच्या मोरीत पिण्यासाठी भरून ठेवलेला ड्रम होता. त्या ड्रमाच्या पाण्यातून त्यांनी ते एकेक करून तीन वेळा काढले. दुसऱ्या दिवशी नळ यायचा नव्हता. संध्याकाळी घडी करून माझ्या उंबऱ्यावर ठेवले. आत आल्या नाहीत.

चार दिवसांत मैनेची कातडी सुकली, आठवड्यात गुळगुळीत झाली.

आता सांगते ते सगळ्यात वाईट आहे, आणि ते मी आईवर ढकलू शकत नाही. आईनं मला ते लंगोट जाळायला सांगितलं होतं. मी तिला सांगितलं, जाळले. ते मऊ होते, मला टाकवेनात, दुसरे तितके मऊ माझ्याकडं नव्हतेच. तेच, आता तीन पाण्यांतून काढून, मैनेला बांधत राहिले, वरून दुपट्यात गुंडाळून, आईकडं मालीशीला द्यायच्या आधी सोडून, आणि वाळत घालायचे ते टाकीच्या मागं, जिथं कुणाची नजर जात नाही. आणि लेकरू बरं झालेलं सगळ्यांनी बघितलं. आई म्हणाली, "बघ, जाळले आणि उतार पडला." बाया म्हणाल्या, खरंच गं. अक्कांच्या कापडानंच मैना बरी झाली होती, आणि अक्कांचा हात वाईट असल्याचा तोच पुरावा ठरला. मी मान हलवली. बोलायला लागलंच नाही.

आम्ही कोण? ज्यांच्या आजा-पणजाच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं, ते आम्ही. हाताला वाईट ठरवणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि त्या रविवारी मी वंदनेला बसले. अक्का रंगीत साडी नेसून मागं बसल्या होत्या. एकीनं विचारलं, पांढरी कुठाय? त्या म्हणाल्या, फाटली.

त्यानंतर अक्कांनी मैनेला कधी उचललं नाही. चिडून नाही, रुसून नाही. मैना रांगत त्यांच्या पायाशी गेली तर त्या हात पदरात घ्यायच्या आणि तिच्याशी बोलायच्या, खूप बोलायच्या, गोड बोलायच्या. पण हात पदरात. मला वाटायचं, एकदा घेतील. मी घ्या म्हणाले नाही. का नाही म्हणाले? लाज वाटली म्हणून? ते उत्तर मी खूप वापरलं आहे. घ्या म्हटलं असतं तर इतके दिवस का घेत नव्हत्या, हे कुणीतरी विचारलं असतं. म्हणून नाही म्हणाले.

मैना चार-पाच वर्षांची झाली. एक दिवस केस विंचरताना मला म्हणाली, "मोठी आई मला उचलून का घेत नाही? गल्लीतल्या सगळ्या पोरींना घेते."

खरंच घेत होत्या. तोपर्यंत गल्ली विसरून गेली होती, लोक विसरतात. अक्कांना फक्त माझीच पोरगी चालत नव्हती.

मी तिची वेणी घालत होते. म्हणाले, "त्यांना लहान लेकरं आवडत नाहीत, राणी."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर सगळे खीर खात बसले होते. मैना अक्कांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मोठ्या आई, तुम्हाला लहान लेकरं आवडत नाहीत ना?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं — एकदाच. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. त्यांना कळलं, पोरीला हे कुणी सांगितलं ते. त्यांनी नुसतं ‘आवडतात की’ म्हटलं असतं तरी पोरीसमोर मी खोटी पडले असते.

"हौ गं मैने," अक्का म्हणाल्या, "नाही आवडत."

सगळे हसले. मैनाही हसली, तिला तिचं उत्तर मिळालं होतं. मी पाणी वाढायला लागले.

अक्का जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. मैना तिशी ओलांडून गेली. मोठ्या आईचा विषय निघाला की ती अजूनही म्हणते, स्वभावानं चांगल्या होत्या, पण त्यांना लेकरं आवडायची नाहीत. हे तिला कुणी सांगितलं, ते तिला आठवत नाही. ती सांगत असते आणि मी ऐकते.