मुसफ्फाच्या कँटीनमधली नटी

शेजारणीच्या नवऱ्याची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली आहे, ही बातमी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने आणली. दोन हजार आठची मंदी अबूधाबीपर्यंत येऊन पोचली होती. दुबईत लोक गाड्या टाकून पळून जातात, हे आम्ही पेपरात वाचत होतो. पण हा माणूस गेल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला होता. हातात छोटी बॅग होती. बायकोला न सांगता तो देश सोडून निघाला होता, आणि मी त्याला हसून ‘हॅव अ नाइस डे’ म्हटलं होतं.

त्याची बायको चिनी. पन्नाशीची, ताठ मानेची, अबोल. सात वर्षं एकाच मजल्यावर राहून मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की तिला माझ्या हातचं वांग्याचं भरीत आवडतं. त्या संध्याकाळी आमची बेल वाजली, माझ्या मुलीने दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, “मम्मा, शी इज क्राइंग.” माझा नवरा नोकरीसाठी दूर रुवैसला, गुरुवारशिवाय घरी यायचा नाही. मी तिला आत घेतलं, चहा केला. तिने तो प्यायला नाही.

“सिस्टर,” ती मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, “मला काम पाहिजे. मला दोन भाषा बोलता येतात. बाकी काही येत नाही.”

मी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत एचआरला होते. आमच्याकडे चिनी वेल्डरांची मोठी बॅच होती. प्रोजेक्ट बंद पडल्यावर त्यांच्या दुभाष्यालाच पहिल्या लिस्टमध्ये घरी पाठवलं होतं. आता दुसरी लिस्ट त्या वेल्डरांची होती, आणि ती त्यांना वाचून दाखवायला कोणी उरलं नव्हतं. मी तिचं नाव सुचवलं. आपण केवढे उपकार करतोय, असंही मला वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुपारची जेवणाची वेळ. कँटीनमध्ये वाडगे, चमचे, बोलणं यांचा गलका. मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, “यल्ला, सुरू करा.” तिने कागद घेतला आणि पहिलं वाक्य वाचलं.

गलका थांबला. मागच्या बाकावरचा एक म्हातारा वेल्डर टोपी काढून उभा राहिला. तो काहीतरी बोलला, हळू आवाजात. मग त्याच्या शेजारचा उठला. मग सगळेच उठले. आता दंगा होणार, असं मला वाटलं. दारातला सिक्युरिटीवाला पुढे सरकला.

“काय म्हणतोय तो? ट्रान्सलेट!” मॅनेजर ओरडला.

त्या म्हाताऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “तो म्हणतो, तुम्ही तर मेलात. माझी आई तुमच्यासाठी तीन दिवस जेवली नव्हती.”

पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता.

घरी परतताना गाडीत तिने सांगितलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून ऐकत राहिले. आमचं वळण मागे गेलं तेही कळलं नाही.

तिचा जन्म नदीकाठच्या एका गिरणीच्या गावातला. वडील बॉयलरवर, आई रेशमाच्या कारखान्यात. अकराव्या वर्षी सरकारी नृत्यपथकाच्या लोकांनी शाळेत येऊन मुलींचे पाय तपासले आणि हिला उचललं. एकोणिसाव्या वर्षी पहिला सिनेमा. त्यानंतर गावोगाव मैदानात पांढरा पडदा बांधून लोक तिला बघायचे. सर्वांत गाजलेल्या सिनेमात ती नदीत उडी घेते. तो शॉट तिने स्वतः दिला होता, थंडीत, सात वेळा. मग न्यूमोनिया झाला. तिशी उलटली तशा वहिनीच्या भूमिका यायला लागल्या. तेव्हा हा परदेशी व्यापारी भेटला. लग्न करायचं तर सिनेमा सोड, म्हणाला. तिने सोडला, देशही सोडला. वडिलांनी तिची पत्रं न उघडता परत पाठवली. मासिकांतून तिचं नाव गेलं, आणि ती सिनेमातल्यासारखी खरोखरच नदीत बुडाली, अशी वदंता पसरली.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“नाही. लोक विसरले असतील, एवढंच वाटायचं.” मग म्हणाली, “ते रडले होते, सिस्टर.”

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मी बाजूलाच होते. “या लोकांचा माझ्यावर विश्वास आहे,” ती म्हणाली. “कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्ट आणि तिकीट प्रत्येकाच्या हातात दिल्याशिवाय मी पुढचं वाक्य वाचणार नाही.” आमच्या ऑफिसात या आवाजात कोणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, “खलास, झालं, ओके.” पुढचे दोन आठवडे ती कामगारांच्या कॅम्पमध्ये बसून एकेकाचे कागद तपासत होती. शेवटचा माणूस विमानात बसला तेव्हाच तिने तो कागद पुरा वाचून दाखवला, आणि तोही फक्त मला.

म्हाताऱ्या वेल्डरचं गाव तिच्या गावापासून तासाभरावर. त्याने जाऊन तिचा भाऊ हुडकला आणि नंबर कळवला. तिने माझ्या हॉलमधून फोन लावला. भावाने दोनदा शिवी देऊन ठेवून दिला. कोणीतरी घाणेरडी थट्टा करतंय, असं त्याला वाटलं. तिसऱ्यांदा तिने त्याला लहानपणच्या कसल्याशा टोपणनावाने हाक मारली. पलीकडून एका प्रौढ पुरुषाचा आक्रोश आला, तो मला सोफ्यावर बसूनही ऐकू गेला. मुलगी घाबरून मला बिलगली.

दोन महिन्यांनी ती गेली. नवऱ्याचा पत्ता तिने कधी शोधला नाही.

वर्षभराने ईमेल आला. टीव्हीच्या एका मालिकेत तिला छळवादी सासूचं काम मिळालं होतं. ‘बाजारात बायका मला शिव्या देतात,’ तिने लिहिलं होतं. ‘कालच एकीने माझ्यावर कोथिंबिरीची जुडी फेकली. मी खूप आनंदात आहे.’