बाळंतीण नसलेल्या घरातली ओव्याची धुरी

आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाय. आमच्या घणसोली गावात कुणाच्या अंगात आलं की मी चप्पल घालून घरी जायचो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या. पण जे झालं ते झालं…

पावणे गावच्या कंपनीत मी पिंपं उचलायचो. कंबर तिथेच गेली. कळ निघते ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, जिवंत वायरला हात लागल्यासारखी. बसलं तरी दुखतं, निजलं तरी दुखतं. वर लोकांचे सल्ले! कोण तेल सांगतो, कोण योगा. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाला, "आजोबा, वय झालं, सवय करून घ्या." अरे, सवय काय करून घ्या? तुझी दाढ दुखली तर तू सवय करतोस का?

आमची मंडळी होती तोवर निभावलं. गल्लीतल्या बाळंतिणींना शेक द्यायला तिलाच बोलवायचे. निखाऱ्यांवर ओवा टाकला की धुरीचा वास गल्लीभर जायचा. वासावरूनच बायकांना कळायचं, अमक्याच्या घरात बाळंतीण आहे. दुपारी तीच शेगडी माझ्या कमरेला. "हलू नका, तुमी माझी म्हातारी बाळंतीण," म्हणायची. मग ती गेली. साध्या तापाचं निमित्त. शेगडी माळ्यावर गेली, ओव्याचा डबा रिकामा झाला.

नंतरच्या एका दुपारी मी ठरवलं… काय आणि कसं ते लिहिणार नाय, ते वाचून कुणाचं भलं होत नाय. आता बास, एवढंच डोक्यात. दाराला आतून कडी घातली. आमच्या गल्लीत दुपारची कडी कोण घालत नाय.

आणि दार वाजायला लागलं. धडाधड!

"काका, ओ काका! सुनी आली काय?" समोरची रंजना. सुनी म्हणजे माझी मुलगी, करंजाड्याला असते.

"नाय आली. जा!"

"मग बालतीन कोन हाय घरान?"

"बाळंतीण? डोकं फिरलं काय तुझं?"

"माझा नाय, तुमचाच फिरलाय! ओव्याची धुरी येते तुमच्या घरातून. सगल्या गल्लीला वास येते, आनि मना सांगितला पन नाय!"

मागून दुसरी कोण तरी ओरडली, "काका, पोरगा का पोरगी?" आणि हसण्याचा गलका.

ही गल्ली माणसाला कशालाच मोकळीक देत नाय! शिव्या घालायलाच मी दार उघडलं. रंजनाच्या हातात सुक्या खोबऱ्याची वाटी, कारण बाळंतिणीला भेटायला रिकाम्या हाताने जात नाय. ती मला ढकलून थेट आत. गॅस थंड. माळ्यावर शेगडी तशीच, जळमटं धरलेली. डबा उघडून बघितला, ओव्याचा दाणा नाय. आणि ती परत परत म्हणते, "काका, वास इथूनच येते." मला मात्र काय नाय. नाक शाबूत आहे माझं, शेजारी तळलेले बोंबील कळत होते.

मग तिने कडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या बायकांना घरी पाठवलं आणि हळू विचारलं, "काका, खरा सांगा. जीव द्याचा डोक्यान होता काय?"

इतक्या दिवसांत तेल सगळ्यांनी सांगितलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, "होता."

रडली नाय, भाषण दिलं नाय. "बरा. मग मी इथशी उठत नाय," म्हणाली. घरून सुपात सुका जवळा आणवला आणि माझ्याच घरात निवडत बसली. फोन करून सुनीला बोलावलं, ती येईपर्यंत बसली. सुनीने आल्या आल्या आधी शिव्या दिल्या, मग गळ्यात पडून रडली.

दुखण्याचा वेगळा डॉक्टर असतो, हे सुनी घेऊन गेली तेव्हा मला कळलं! आधी सांगायला सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं काय? तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे. पूर्ण जाईल असं सांगत नाही, कमी करू." मनाच्या डॉक्टरकडेपण पाठवलं. औषधं आता रंजनाकडे असतात, रोजची रोज आणून देते. गोळी घेतल्याशिवाय हलत नाय, नुसता ताप आहे. दुखणं आहेच, पण मधे मधे सुट्टी देतं. वाईट विचार आला की सुनीला फोन करतो. ती म्हणते, "बोला बाबा," आणि मी बोलतो.

वासाचं काय, ते मला आजपण माहीत नाय. रंजना म्हणते, काकीच आली होती. म्हटलं, आली तर मला का नाय वास आला? नवरा मी! तर म्हणते, "तुमी कधी कुनाचा ऐकता? म्हनून तिनी आमाला बोलावला." असेल, नसेल. मी मानत नाय. दुपारची कडी मात्र आता घालत नाय.

तुमच्या शेजारी कुणी बरेच दिवस दुखण्याने कण्हत असेल, तर जाऊन दार वाजवा आणि सरळ विचारा. प्रत्येक घरातून ओव्याचा वास येत नाय.