आतोबांच्या हातचं गंध

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या आतोबांइतका रागावणारा माणूस दुसरा नसेल, आणि रागवायला त्यांच्याइतकं सबळ कारण असलेलाही. लांज्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे आत्याचे यजमान कित्येक वर्षं सोरायसिस बाळगून आहेत. कोपरांवर, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. पण रोगापेक्षा त्यांचा राग सल्ल्यांवर. एकदा वाण्याने गूळ तोलता तोलता "रक्त बिघडलंय, गुरुजी" असं निदान केलं. आतोबा उसळले. "रक्ताला काय धाड भरलीय? पहारेकरी बिघडलेत! चोर नाही, चिलट नाही, तरी शरीरात एक निरोप सुटतो. इंटरल्युकिन तेवीस त्याचं नाव. तो पहारेकरी पेशींचे कान भरतो. मग त्या सोडतात सतरा नंबरचा निरोप. सतराने बोंब मारली की कातडी सैरावैरा वाढत सुटते. महिनाभराने वर यायची पेशी आठवड्याच्या आत हजर, तीही कच्ची! त्यांचा थर साचला की ही खपली. वर ती कातडीच ओरडून आणखी पहारेकरी बोलावते. यात तुला लागण्यासारखं काय आहे, मेल्या?" वाण्याने मान डोलावली आणि गुळाची पुडी हात न लागेल अशी, लांबूनच पट्टीने पुढे सरकवली.

घरात या दोन रेणूंचा उल्लेख ते भांडखोर भाडेकरूंसारखा करतात. "आज सतरा खवळलाय," म्हणाले की आत्या मलम आणून ठेवते.

गेल्या वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत पुरुषांना गंध लावायचं ते आतोबांनीच, ही घरची रीत. पानं मांडली तशी नवऱ्या मुलाच्या काकांनी मला बाजूला घेतलं. जाकीट, छातीवर रेशमी बिल्ला. "गंध दुसऱ्या कुणी लावलं तर? पाहुण्यांना कसंसंच वाटतं हो." एवढं बोलून ते तळहातात शिंकले आणि त्याच हाताने माझा खांदा थोपटला. माझ्या तोंडात आलेले शब्द छापण्यासारखे नाहीत.

आतोबांनी ऐकलं होतं. वाटी घेऊन ते पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले. "ज्याला नको असेल त्याने कपाळावर हात ठेवावा. हा रोग लागत नाही, एवढं सांगतो. पटवत बसणार नाही!" चार-पाच हात वर गेले, पहिला जाकिटातून. आतोबा त्यांना वगळून पुढे सरकले. व्याह्यांनी मात्र मान पुढे केली. "लावा हो, जरा ठसठशीत लावा."

बायकांना आत्या कुंकू लावत होती. पण मुलीला लहानपणापासून गंधच लागायचं, बापाच्या हातचं. तिच्यासमोर आले आणि आतोबांचं बोट थांबलं. त्यांनी स्वतःच्या पेरांकडे पाहिलं, बोट धोतराला पुसलं. "तुला... आईच लावेल. कुंकू."

सगळ्या तालुक्याला खडसावून सांगितलेलं या माणसाला त्या क्षणी स्वतःलाच पटवता येईना.

"बाबा, भात निवतोय," ती म्हणाली आणि कपाळ पुढे केलं.

गंध जरा वाकडं लागलं. सासरी निघेपर्यंत तिने ते नीट करू दिलं नाही.