बिनवायरीचं बटण

आमच्या गावात लाईट आली तेव्हा मी चौथीत होते. ती कशी आली हे तिघांनाच ठाऊक होतं, गुरुजी, वायरमन आणि मी. त्यातले दोघे आता नाहीत.

शाळेपुढं मांडव घातला होता. नगरहून जीपमधून पाहुणे आले होते. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर लाकडी फळी आणि फळीवर काळं गोल बटण. पाहुण्यांनी ते दाबलं की सगळ्या गावात लाईट लागणार, असं बॅटरीवरच्या भोंग्यावरून सकाळपासून सांगत होते. बटणातून एक वायर निघून चादरीखाली गेली होती. माझी उंची टेबलाएवढी, त्यामुळं खाली बघायला वाकावं लागत नव्हतं. वायर चादरीखाली वीतभर गेली होती आणि तिथंच संपली होती.

आख्ख्या गावाची लाईट एका बटणावर चालत नाही. ती चालते डीपीवर, म्हणजे ओढ्यापलीकडं दोन खांबांवर ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर. त्याच्या पेटीत फ्यूज टाकायला वायरमन तिकडं उभा होता. पण मधे बाभळी होत्या, त्याला मांडव दिसत नव्हता. म्हणून शाळेच्या कट्ट्यावर कुणीतरी उभं राहून लाल फडकं हलवायचं ठरलं. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली आणि मला उठवलं.

"ही बोलत नाही," ते वायरमनला म्हणाले. "मारली तरी कुणाला सांगायची नाही."

पाहुण्यांनी बटण दाबलं, मी फडकं हलवलं, ओढ्यापलीकडं फ्यूज बसला आणि बल्ब लागले. भोंग्यावरून पाहुण्यांचा जयजयकार झाला. फोटोवाल्यानं फोटो काढला. त्यात पाहुणे आहेत, बटण आहे, हार आहेत, आणि एका कडेला हात वर केलेली मी आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आईबापाबरोबर मी श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेले आणि शाळा मागं राहिली ती राहिलीच.

पुढं मला गावातच दिली, आत्याच्या घरी. मालक, म्हणजे माझा नवरा, त्याच वायरमनच्या हाताखाली खांबावर चढायला शिकले. वायरमनची बदली झाली. मालकांची झाली नाही, कारण ज्याची नेमणूकच नाही त्याची बदली कशी होणार. अशा माणसाला आमच्याकडं झिरो वायरमन म्हणतात. पगार नाही, कागद नाही, खांब तेवढे खरे. तीस वर्षं गावात कुठंही लाईट गेली की लोक ऑफिसला फोन करत नाहीत, आमच्या दारात येतात. ऑफिसात फोन केला तरी ऑफिसवाले आमच्याच दारात फोन करतात. नंतर जे जे नवे वायरमन आले ते पहिल्या दिवशी मालकांना भेटून गेले. सासरी आलेली सून पहिल्यांदा चूल कुठं आहे ते विचारते, तसं.

फडक्याची गोष्ट मी फक्त मालकांना सांगितली होती. ते हसले नव्हते. "मग चालू कशी झाली आसंल," एवढंच म्हणाले होते. "मला व्हतंच कोडं."

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजातले सर गाडी घेऊन गावात आले. विजेचा इतिहास लोकांपर्यंत न्यायचा असं त्यांच्या कॉलेजात ठरलं होतं. लोकांपर्यंत वीज नेण्यापेक्षा ते सोपं असावं. ज्या शाळेपुढं पहिली लाईट लागली तिथंच सोहळा करायचा, प्रदर्शन भरवायचं, आणि तो पहिला क्षण पुन्हा घडवून दाखवायचा. वीज कंपनीच्या ऑफिसातले साहेबही तयार झाले, कारण त्यात खांब बदलायचा विषय नव्हता.

प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू हव्या होत्या. घराघरातून चिनी मातीचे फ्यूज निघाले, चकतीचे मीटर निघाले. मालकांनी पत्र्याचा डबा उघडला आणि तेच काळं बटण काढून दिलं. बदली होताना वायरमननं त्यांना ते आठवण म्हणून दिलं होतं. सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मग त्यांची नजर मालकांच्या कमरेच्या पक्कडीवर गेली. एवढी झिजलेली पक्कड त्यांनी पाहिली नव्हती. मालकांनी तीही दिली. त्या दिवशी सकाळीच तिनं गिरणीचा जंप, म्हणजे खांबावरची सुटलेली जोडतार, बांधला होता.

पंचायतीत तो जुना फोटो टांगलेला आहे. त्यातली मुलगी कोण, असं सरांनी विचारलं, आणि कुणीतरी आमचं घर दाखवलं. प्रकाशाच्या स्वागताला आनंदानं झेंडा हलवणारी बालिका, असं त्यांनी माझं ठरवून टाकलं. मला स्टेजवर बसायचं होतं, हातात तसंच लाल फडकं धरायचं होतं, आणि माईकवर एक ओळ म्हणायची होती. ओळ त्यांनी कागदावर लिहून दिली: त्या मंगल दिनी पाहुण्यांनी कळ दाबली आणि आमच्या जीवनातला अंधार दूर झाला. मला बोलता येत नाही, असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, हाच साधेपणा हवा आहे.

सत्कारांची यादीही सरांनी केली आणि तीत मालकांचं नाव घातलं. हे कानावर आल्यापासून मालक बदलले. पांढरा सदरा स्वतः तालुक्याला नेऊन इस्त्री करून आणला. एक दिवस आधीच जाऊन दाढी करून आले. जेवताना मला विचारलं, स्टेजवर चपला काढायच्या असतात का. मला कुठं ठाऊक. तीस वर्षांत या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नाही, पण ती शाल त्यांना हवी होती.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी यादी वाचली आणि मालकांच्या नावावर बोट ठेवलं. हे नाव वाचलं तर हा माणूस आहे असं ठरतं, ते म्हणाले. आणि हा माणूस आहे तर मग डीपीला हात कोण लावतं, हा प्रश्न येतो. त्यांच्या जागी आमच्या गावचा सध्याचा वायरमन बसला. हा पोरगा लग्नाला गेल्यासारखा महिन्यातून एकदा गावात येतो. मुलगा गुणाचा आहे, फक्त उंचीवर त्याला चक्कर येते.

आणखी एक घोटाळा निघाला. सरांनी शाळेवर, मांडवावर, झाडांवर इतक्या माळा सोडल्या होत्या की तेवढा भार जुन्या बटणाला सोसणार नव्हता. ते पाहुण्यांच्या बोटाखालीच वितळलं असतं. सर घाबरले. मालक म्हणाले, बटण नुसतं ठेवा, वायर चादरीखाली सोडा, मी डीपीवर फ्यूज टाकतो. खूण म्हणून वायरमननं स्टेजवरून मिस्ड कॉल द्यायचा. ही युक्ती तुम्हाला कशी सुचली, असं सरांनी विचारलं. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, आशीच.

म्हणजे ज्याचा सत्कार नव्हता तो डीपीपाशी, आणि ज्याचं काम होतं तो स्टेजवर.

सोहळ्याच्या दिवशी मालकांनी तरी तोच इस्त्रीचा सदरा घातला.

शाळेच्या भिंतीवर मोठमोठे फोटो लावले होते, वीज शोधणाऱ्या परदेशी माणसांचे. सगळे दाढीवाले, सगळे खुर्चीत. खांबावर कुणीच नव्हतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बॅटरीवरचा माईक बंद पडला. मालकांना बोलावणं आलं. त्यांनी बघितलं, तार सुटली होती, आणि ती आवळायला पक्कड लागत होती. पक्कड टेबलावर लाल कापडावर ठेवलेली, तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: जुन्या काळातील पक्कड. हात लावू नये. मालकांनी हात घातला तर कॉलेजातल्या मुलीनं त्यांना अडवलं. आजोबा, ऐतिहासिक आहे, ती म्हणाली. शेवटी सरांनी येऊन परवानगी दिली. मालकांनी तार आवळली, पक्कड सदऱ्याला पुसून परत लाल कापडावर ठेवली, चिठ्ठी सरळ केली आणि ओढ्याकडं चालू लागले.

स्टेजवर मी शेवटच्या खुर्चीत, एका हातात फडकं, एका हातात ओळीचा कागद. समोर इतकी माणसं की मी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं बघत राहिले. बाभळी केव्हाच तुटल्या आहेत, त्यामुळं डीपी सरळ दिसत होता. त्याच्याखाली पांढरा ठिपका होता.

सत्कार लांबले. पाहुण्यांना निघायची घाई झाली. वायरमनच्या खांद्यावर शाल पडली, एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात गुच्छ, आणि तेवढ्यात पाहुणे उठून बटणापाशी गेले आणि त्यांनी ते दाबलं.

काही झालं नाही.

पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. वायरमन नारळ कुठं ठेवावा ते शोधत होता. मोबाईल त्याच्या खिशात, खिसा शालीखाली. पाहुणे आता टकटक बटण दाबत होते. दारावर थाप मारतात तसं. मागच्या पोरांतून हसू आलं. साहेबांच्या कपाळावर घाम होता. आणि मी बघितलं, तो पांढरा ठिपका दोन पावलं पुढं आला होता आणि मांडवाकडं तोंड करून उभा होता. मिस्ड कॉलवर भरवसा ठेवणारा माणूस तो नाहीच.

मी खुर्चीवरून उठले आणि फडकं वर केलं.

माळा लागल्या. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी दोन्ही हात जोडून टाळ्या घेतल्या. सरांनी मला माईकपाशी आणलं. मी कागद उघडला. अक्षर चांगलं होतं, मला सगळं वाचता येत होतं. पण पाहुणे अजून हात जोडून उभे होते, आणि ओढ्यापलीकडं मालक पेटीचं दार लावत होते.

"बटणाला वायर न्हाई," मी म्हणाले. "तवाबी नव्हती. फ्यूज आमच्या मालकांनी टाकला, त्ये बघा तिकडं उबं हायेत."

माणसं मान वळवून बघायला लागली. सरांनी माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, ताई थोड्या भावुक झाल्या आहेत. पुन्हा टाळ्या झाल्या. मलाही शाल घातली.

घरी आल्यावर मी ती मालकांपुढं ठेवली. त्यांनी कड बोटात चोळून बघितली.

"नायलॉन हाय," ते म्हणाले. "ठिणगी पडली तर अंगाला चिकटंल. तुलाच ऱ्हाऊ दे." आणि मग, भाकरी मोडता मोडता, "मारली तरी न सांगणाऱ्या पोरीनं सांगितलंच शेवटी."

आठ दिवसांनी वायरमन एक लिफाफा घेऊन आला. माझं बोलणं साहेबांना विसरता आलं नव्हतं. समोर शंभर माणसं होती, त्यामुळं कागद करणं भाग होतं. मालकांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. वर मालकांचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, राहणार अमुक. खाली असं की, आपण रोहित्रास, म्हणजे डीपीला, अनधिकृतपणे हात लावत असल्याचं निदर्शनास आलं आहे, यापुढं हात लावल्यास कारवाई होईल. वर शिक्का, खाली सही. माझ्या एका बोलण्यानं हे घरात आणलं होतं. मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं.

"पुन्यांदा वाच," ते म्हणाले.

"कुठून?"

"नावापास्नं."

मी तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी ते पाथर्डीच्या बाजारात गेले आणि कागदावर प्लॅस्टिक चढवून आले. तीस वर्षांत ऑफिसनं त्यांच्या नावानं काढलेला तो पहिला कागद. आता तो दारासमोरच्या भिंतीवर आहे. आलेला माणूस चहा पिईपर्यंत त्याला तो वाचावाच लागतो.

पंधरवड्यानं सकाळी गावाची लाईट गेली. गिरणी थांबली, बायका डबे घेऊन बसल्या. वायरमनचा फोन आला, तात्या जरा बघा ना. मालकांनी त्याला नोटीस पाठ म्हणून दाखवली. शेवटी दुपारी तो स्वतः आला. मालक त्याच्याबरोबर डीपीवर गेले, दहा हात लांब उभे राहिले आणि हात पाठीमागं बांधले. निम्मं गाव बघायला आलं होतं. पोरगा पेटी उघडून नुसता बघत राहिला. मालक लांबूनच सांगू लागले. डावा न्हाई, मधला. आधी खालचं दांडकं वढ. तार दुहेरी घे, घाबरू नको, मेन बंद हाय.

मग पोरानं हात पुढं केला. "तात्या, पक्कड द्या की."

पक्कड प्रदर्शनातून परत आली होती, पण चिठ्ठी तशीच बांधलेली होती. मालकांनी ती कमरेची काढून त्याच्यापुढं धरली, सोडली मात्र नाही.

"आधी त्याच्यावर काय लिवलंय त्ये वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

त्यानं वाचलं. माणसं हसली, तोही हसला. मग मालकांनी पक्कड सोडली. थोड्या वेळानं गावातून गिरणीचा आवाज आला, आणि बायका डबे उचलून पळाल्या.